मागचं पान भिंतीवर

त्या वहीचं मागचं पान मी भिंतीवर दाखवायला नको होतं. ते चुकून उघडलं गेलं, हे खरं. पण मग मी ते मिटलं नाही, आणि तो गुन्हा माझाच.

वाशीम जिल्ह्यात, रिठद गावाच्या अलीकडच्या एका छोट्या शाळेत मी गणित शिकवतो. प्रोजेक्टर आला तेव्हा मुलं नुसती बघत बसायची, लिहायची नाहीत. म्हणून मी एक पद्धत बसवली. गणित भिंतीवर दाखवायचं, मुलांनी ते वहीत सोडवायचं, मग एकाची वही मोबाइलच्या कॅमेऱ्याखाली ठेवायची. वहीचं पान भिंतीवर दिसायचं, मी लाल पेनाने तपासायचो आणि सगळा वर्ग बघायचा. वाशीमहून आलेल्या साहेबांनी पाठ थोपटली होती. त्याचा मला फार माज होता.

त्या दिवशी सहावीतल्या एका मुलीची वही घेतली. गणित शोधताना मागचं पान उघडलं. पानभर एकच नाव, वेडंवाकडं, ओळीबाहेर गेलेलं. भिंतीवर एकेक अक्षर हातभर दिसत होतं.

"हे काय? कागदावरून कोंबडी गेली का वं?" मी म्हणालो. वर्ग हसला. मी एकेका अक्षराला लाल गोल करत गेलो.

"मीच लेह्यलं सर," ती खाली बघत म्हणाली.

"खोटं बोलते सर!" मागून कुणीतरी ओरडलं. "तिच्या मायचं नाव हाय थे. हीच शिकवते मायले लेह्याले!"

वर्ग दुप्पट हसला. मीही हसलो. हे मी आजवर बायकोलाही सांगितलेलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून ती आली नाही. चौथ्या दिवशी मोटरसायकल काढून मी त्यांच्या वस्तीवर गेलो. तिची आई दारात भांडी पोत्यात भरत होती. दरवर्षी नवराबायको ऊसतोडीला जायचे आणि मुलगी शाळेसाठी आजीजवळ राहायची. या वेळी पोत्यात मुलीचेही कपडे होते.

"सोमवारी गाडी येते," आई म्हणाली. "यंदा थेबी येते संग."

"ताई, एकदा शाळा सुटली तर ती परत बसायची नाही. असं करू नका."

"म्या केलं का सर? बचत गटाच्या वहीत अंगठा लावाची लाज वाटे मले. पोरगी म्हने, माय, तुले सही शिकवतो. रोज चुलीपाशी घेऊन बसे. आता म्हन्ते, त्या वर्गात मी पाय ठेवत नाई."

मी हात जोडले. "चुकलं माझं, ताई. माफ करा."

"अठी कोन आयकते तुमची माफी?" तिने पोत्याची गाठ आवळली. "हासाले सारा वर्ग होता, अन् माफी मांगाले माह्या उंबरठ्यावर आले?"

त्यानंतर मी आजीला विनवलं, मुलीच्या मैत्रिणींना पाठवलं. मुलगी कुणाशी बोलेना. शनिवारी सकाळी पुन्हा जाऊन उभा राहिलो. म्हटलं, साऱ्या वर्गासमोर माफी मागतो, एकदाच चला, दोघीही.

त्या आल्या. आई दाराशीच थांबली, मुलगी तिच्या मागे. दप्तर आईने आपल्याच काखेत धरलं होतं.

"मांगा माफी," आई म्हणाली. "मंग पाह्यतो, काय कराचं थे."

मी माझी वही कॅमेऱ्याखाली ठेवली. हात थरथरत होता. कागदावर ते फारसं कळलं नसतं; भिंतीवर माझं अक्षर न् अक्षर हातभर झालं, आणि वाकडं. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं वाटलं असतं. मी त्यांच्याच बोलीत लिहीत गेलो आणि आईला कळावं म्हणून मोठ्याने वाचत गेलो:

"ताई, तुमच्या अक्षरायले मी हासलो. तुमची लाज राखाले पोरगी खोटं बोलली, अन् मी मास्तर असून तिची लाज राखली नाई. चूक माही हाय. दोघीबी मले माफ करा."