बुरुलचे दहा दिवस

बुरुल माझी चुलत जाऊ. घरं समोरासमोर, आणि मी गावच्या दवाखान्यात नर्स, त्यामुळे तिच्या घरातली शिंकसुद्धा मला ऐकू येते. तिचं वय सत्तेचाळीस. गेली नऊ वर्षं ती सासूला उठवते, धुते, भरवते, कुशीवर वळवते. म्हातारीचं कमरेचं हाड मोडलं तेव्हापासून हे चाललंय. डोकं मात्र म्हातारीचं शाबूत आहे, इतकं की आमच्या मिठाच्या चहात मीठ कमी पडलं तर घोट घ्यायच्या आधी सांगते.

म्हातारीचं नाव मी सांगणार नाही. आमच्यात सून सासरच्या वडीलधाऱ्यांचं नाव तोंडातून काढत नाही, आणि मीही त्याच घराण्याची सून. नावात सफरचंद आहे, एवढंच सांगते. म्हणून बुरुल चोवीस वर्षं सफरचंदाला 'लालगाली' म्हणते, भर बाजारातसुद्धा. फळवाल्याच्या अंगवळणी पडलंय आता. तिच्या दोन दिरांची नावंही मला चालत नाहीत, दोघेही माझ्या नवऱ्यापेक्षा मोठे. तेव्हा एक थोरले आणि एक मधले. तिचा नवरा तालाय धाकटा, त्याचं नाव मी खुशाल घेते. तो उन्हाळाभर मेंढ्या घेऊन वरच्या कुरणावर असतो. तिथे फोन लागत नाही, याचं त्याला फारसं दुःख आहे असं मला कधी दिसलं नाही.

आईबाप धाकट्याकडे राहतात ही आमची रीत. घर धाकट्याचं, गोठा धाकट्याचा, आईबाप धाकट्याचे, आणि आईबापांचं सगळं करणं धाकट्याच्या बायकोचं. थोरल्या भावांच्या वाट्याला उरते ती माया. ती या दोघांकडे भरपूर आहे. थोरले राजधानी बिश्केकहून दर सणाला येतात, आईचा हात धरून डोळे पुसतात, बुरुलला सांगतात, "सूनबाई, आईला उन्हात बसवत जा," आणि लोण्याचा डबा घेऊन परत जातात. मधले आठवड्याने येतात आणि सांगतात, "आईला ऊन सोसत नाही, सावलीत ठेवत जा." बुरुल दोघांनाही बरं म्हणते.

गेल्या हिवाळ्यात तिची पाठ धरली. बादली घेऊन वाकली ती सरळच होईना. मी चोळून दिलं, सुई टोचली, आणि स्पष्ट सांगितलं, "तुला औषधाची नाही, झोपेची गरज आहे. सलग दहा दिवस झोप."

"कुठे मिळते सांगा जाऊबाई," ती म्हणाली, "जाऊन घेऊन येते."

मिळत होती, खरंच. सरोवराकाठच्या जुन्या आरोग्यधामात कुणी भल्या माणसांनी सहा खाटा सुरू केल्या होत्या. अंथरुणाला खिळलेलं म्हातारं माणूस तिथे दहा दिवस ठेवायचं आणि घरच्यांनी तेवढे दिवस घरी पाठ टेकायची. अख्ख्या जिल्ह्याला सहा खाटा. नोंदणी फोनवर, वर्षातून एकदा, मे महिन्यातल्या एका सकाळी.

फोन आम्ही माझ्या दवाखान्यातून केला, कारण घरातून केला असता तर संध्याकाळपर्यंत गावभर बोभाटा झाला असता. तासभर प्रयत्न केल्यावर लागला. पलीकडची मुलगी शहरातली, बोलणं तोडून टाकल्यासारखं.

"नाव?"

बुरुलने माझ्याकडे बघितलं. मी वजनकाट्याकडे बघितलं.

"अहो, नाव सांगा. मागे लोक थांबलेत."

"आमच्या सासूबाई आहेत," बुरुल म्हणाली.

"सासूबाईंना नाव असेल ना?"

असायला काय, होतंच. पण ते घेणार कोण? मी खुणेने तिला म्हटलं, तू घे. ती मला म्हणाली, तुम्ही घ्या, तुम्ही शिकलेल्या. शिकले असले म्हणून काय झालं, माझी सासू जिवंत आहे अजून.

"शेवटचं विचारते. नाव?"

"बुरुल असानोव्हना," बुरुल म्हणाली. स्वतःचं, बापाच्या नावासकट.

"जन्मसाल?"

आता जीभ मोकळी झाली. सालाला कसली आडकाठी? "एकेचाळीस." मग हाड, अंथरूण, नऊ वर्षं, सगळं म्हातारीचं खरंखरं सांगून टाकलं.

फोन ठेवल्यावर मी कपाळाला हात लावला. ती म्हणाली, "तिथे गेल्यावर खोडतील हो. एक नावच तर आहे."

खाट मिळाल्याचं पत्र आलं ते पोस्टातून, म्हणजे ते आधी पोस्टमनने वाचलं. त्याच रविवारी अकरा नातेवाईक जमले. विषय एकच: बुरुलला विश्रांती द्यावी की नाही. सकाळी दहाला बसले ते संध्याकाळी उठले. बुरुल चहा ओतत होती. आमच्याकडे वाटी काठोकाठ भरून दिली तर पाहुण्याला 'प्या आणि निघा' म्हटल्यासारखं होतं, म्हणून तळाला घोटभर ओतायचा, संपला की पुन्हा घोटभर. अकरा माणसं, आठ तास. कणकेचे बोरसोक तळून झाले, मटण शिजून झालं. मग थोरले म्हणाले, "सूनबाई थकलीय हे आम्हालाही दिसतं." तेव्हा ती त्यांच्याच हातावर पाणी घालत होती.

"पण आई परक्या घरी?" मधले म्हणाले. "लोक काय म्हणतील? तीन मुलगे असून म्हातारी आरोग्यधामात?"

"मग दहा दिवस तुमच्याकडे न्या," मी म्हणाले.

सगळे माझ्याकडे असे बघायला लागले जणू मी चहात थुंकले. मधल्यांच्या बायकोला एकदम जिन्याची आठवण झाली. त्यांच्याकडे जिना आहे, आईंना तो चढवणार नाही. थोरल्यांकडे जिना नाही, लिफ्ट आहे, पण लिफ्टमध्ये आईंना गुदमरेल. शेवटी ठरलं की पाठवायची, पण मानाने. थोरले स्वतःच्या गाडीतून नेणार, मधले सोबत बसणार. मला त्यांनी नर्स म्हणून घेतलं. मी मात्र बुरुलची पाठराखीण म्हणून गेले.

आरोग्यधामाच्या दारात गाडी थांबली. म्हातारीला मागच्या सीटवर उशांमध्ये बसवलेलं, काच खाली. आम्ही नोंदणीच्या खिडकीपाशी गेलो. तीच फोनवाली मुलगी. तिने यादी बघितली. "बुरुल असानोव्हना. पासपोर्ट?"

बुरुलने स्वतःचा दिला, आमच्याकडे ओळख पटवायला तोच लागतो. म्हातारीचा नव्हताच, तो थोरल्यांच्या बिश्केकच्या कपाटात सुरक्षित होता.

मुलीने पासपोर्ट बघितला, बुरुलकडे बघितलं. "इथे साल वेगळंय."

"चूक झालीय पोरी," मी म्हणाले, "नाव बदल. खाट गाडीतल्या आईंना पाहिजे."

"नाव बदलत नाही. यादी वरून शिक्का होऊन आलीय. साल चुकलं तर टायपिंगची चूक म्हणून चालतं, नाव चुकलं तर खाट रद्द. आणि रिकामी राहिली तर पुढच्या वर्षी तुमचं गाव यादीत नाही."

थोरल्यांनी आवाज चढवला, मधल्यांनी कुणातरी साहेबाचं नाव घेतलं. मुलगी बधली नाही. बुरुलचा चेहरा पडला. नऊ वर्षांत तिने एक गोष्ट मागितली होती, आणि तीही रीत पाळण्यापायी हातची चालली होती.

तेवढ्यात गाडीतून आवाज आला. "थोरल्या."

आम्ही सगळे वळलो.

"खाट कुणाच्या नावाची आहे?"

"सूनबाईच्या, आई. घोळ झालाय."

"मग तिला झोपू दे. मला घरी ने. तुम्ही दोघं आहात की."

आईच्या शब्दापुढे आमच्यात मुलगा ब्र काढत नाही, निदान परक्यांसमोर तरी नाही. थोरल्यांनी गाडी वळवली.

डॉक्टरांनी बुरुलला तपासलं. कागदावर वय त्र्याऐंशी. रक्तदाब घेतला, गुडघे वाकवून बघितले, पाठीवर बोटं दाबली, आणि लिहिलं: 'वयाच्या मानाने ठीक.' मी ते दोनदा वाचलं. हसू यायला हवं होतं, पण आलं नाही.

पुढचे दहा दिवस मी समोरच्या घरात लक्ष ठेवून होते. दोघांच्याही बायका येऊन दाखल झाल्या. बुरुलचं एकटीचं काम करायला चौघं. तिसऱ्या दिवशी थोरले माझ्याकडे पाठीला सुई मागायला आले. पाचव्या दिवशी मधले आले.

"आईला कुशीवर किती वेळाने वळवायचं असतं?"

"दर दोन तासांनी."

"रात्रीसुद्धा?"

"नऊ वर्षं," मी म्हणाले.

ऊन की सावली, हा प्रश्न त्या दहा दिवसांत कुणी काढला नाही.

तिकडे मी रोज फोन करायची. "बुरुल असानोव्हना झोपल्यात," उत्तर मिळायचं. लग्न झाल्यापासून ती कुणाची सूनबाई, कुणाची आई, कुणाची 'अगं'. तिचं सबंध नाव मीच इतक्या वर्षांनी ऐकत होते. चौथ्या दिवशी म्हणे ती उठून सगळ्यांच्या वाट्या विसळायला लागली. नर्स ओरडली, "आजी, जागेवर जा." ती गेली आणि पुन्हा झोपली.

अकराव्या दिवशी मी तिला आणायला गेले. पाठ सरळ, गालावर रंग. घरी आलो तर दोन्ही दीर सकाळीच निघून गेलेले. लोण्याचा डबा फळीवर जागच्या जागी होता. जायच्या आधी थोरल्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं होतं, त्या खाटांसाठी वय किती लागतं. पासष्ट म्हटल्यावर बोटांवर मोजत गाडीत बसले.

बुरुलने सासूला वाकून नमस्कार केला, बाह्या सारल्या आणि तिला कुशीवर वळवलं. म्हातारी भिंतीकडे तोंड करून विचारती झाली, "झोपलीस?"

"झोपले, आई."

"पोटभर?"

"पोटभर."

"तो फोन परत कधी करायचा असतो?"

"पुढच्या मेमध्ये."

बुरुल तिची उशी नीट करत होती.

"तेव्हाही माझं नाव घेऊ नकोस," म्हातारी म्हणाली.