ताईच्या स्थळांना गेलेली पत्रं

ताईचं लग्न तीनदा ठरलं आणि तीनदा मोडलं. दर वेळी मुलाकडच्यांना निनावी पत्र जायचं: मुलीचं दुसरीकडं प्रकरण आहे. तिसऱ्या मुलाच्या काकांनी ते पत्र गारखेड्याला आमच्या घरी आणून दाखवलं. ताईनं अक्षर ओळखलं. औरंगपुऱ्यातल्या क्लासमध्ये तिच्यासोबत शिकवणाऱ्या सरांचं होतं. त्यांनी मागणी घातली होती, तिनं नकार दिला होता. तेव्हापासून ते रोज तिच्या स्कूटीमागं आमच्या गल्लीपर्यंत यायचे.

पोलिसांनी बोलावून समज दिली. "मी कुठं त्रास दिला? मी वाट बघतोय तिची," सर शांतपणे म्हणाले.

ताईनं शिकवणं सोडलं. दिवसभर खिडकी लावून बसायची. मला राग यायला हवा होता, पण काहीच वाटत नव्हतं. ऑफिसला जायचे, डबा खायचे, घरी यायचे.

दोन वर्षांनी ऑफिसातल्या फर्दापूरच्या बाई म्हणाल्या, शेजारच्या मुलीचं लग्न ठरलंय. मुलाचं नाव सांगितलं, तर तेच सर. मी मुलीच्या वडिलांचा पत्ता घेतला आणि दुपारच्या सुट्टीत निनावी पत्र लिहिलं. मुलाला वाईट आजार आहे. खरं लिहिलं असतं तरी भागलं असतं. मी खोटंच लिहिलं.

हळदीच्या आदल्या दिवशी लग्न मोडलं. सरांना महिन्याभरात दुसरं स्थळ मिळालं. मुलीबद्दल मात्र गावात नको ते बोललं जाऊ लागलं. बाईंनी हे सांगितलं, त्या दिवशी मी ताईला सगळं बोलून टाकलं.

ती म्हणाली, "उद्या फर्दापूरला जायचं. तू सांगायचंस."

त्या घरात आम्हाला पाणी दिलं. मी सांगितलं. वडील मान खाली घालून बसले. मुलगी दारात उभी होती. "तुम्हीच व्हय?" ती म्हणाली. ताईनं तिला सरांचं सगळं सांगितलं, तेव्हा ती माझ्याकडं वळली. "हेच लिहायचं होतं की. मीच नाय म्हणले असते. आता मलाच लई नावं ठेवतात."

परतीच्या बसमध्ये ताई माझ्याजवळ बसली नाही, पुढं बसली. सिल्लोड गेलं, फुलंब्री गेलं. मी तिच्या पाठीकडं बघत राहिले. रडू येईल असं वाटलं. आलं नाही.