कोरसची जागा

माझ्या डाव्या हाताची दोन बोटं आता सकाळी वळत नाहीत. गरम पाण्यात बुडवून बसतो तेव्हा कुठे कपाचा कान धरता येतो. पन्नास वर्षं गिटारवर ब्लूज वाजवलं. ब्लूज म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या मजुरांचं गाणं. गायक ओळ म्हणतो आणि गिटार तिला उत्तर देते. पण खरं सांगतो, थकलो होतो. वैशाखी पौर्णिमेला धायरीच्या विहारात वाजवायचं, नाही जमलं तर गिटार कायमची पेटीत, असं बायकोला सांगून टाकलं. ती म्हणाली, "हे तुम्ही मागच्या वर्षीही म्हणाला होतात."

वडिलांची वस्तीत गायन पार्टी होती. ते ओळ म्हणायचे आणि मागे बसलेला कोरस ती उचलून धरायचा. त्यांचं एक बुद्धगीत मी ब्लूजमध्ये बसवलं, तेव्हा कोरस काढून ती जागा गिटारने भरली. ते ऐकून वडील एवढंच म्हणाले, "छान आहे. पण एकट्याचं आहे." मला राग आला. यांना नवीन काही कळतच नाही, असं वाटलं. तो राग ते गेल्यावरही बरीच वर्षं पुरला.

विहारात वंदना झाल्यावर मी तेच गीत घेतलं. पहिली ओळ गायलो, उत्तर द्यायला गेलो आणि बोटं आखडली. तार नुसती खरखरली. मूर्तीकडे बघून मनात म्हटलं, संपलं, आता माझ्या हातात काही नाही.

तेवढ्यात मागून माझीच ओळ परत आली, वडिलांच्या कोरसच्या चालीत. पांढऱ्या साडीतल्या एक अनोळखी, ऐंशीच्या पुढच्या बाई गात होत्या. मग शेजारच्या बायकांनी धरली, मग सगळ्या विहाराने. मी पुढची ओळ म्हणायचो आणि हात मांडीवर ठेवून ऐकायचो. शेवटचं कडवं रडू आल्यामुळे मला म्हणता आलं नाही, ते त्यांनीच पुरं केलं.

नंतर जाऊन त्यांच्या पाया पडलो. "मावशी, तुम्हाला हे कसं येतं?"

"तुमच्या वडिलांच्या मागे बसायचे मी. तुमचे कार्यक्रमही ऐकलेत. दर वेळी तोंड उघडायचे, पण अहो, तुम्ही जागाच द्यायचा नाहीत!"

आमच्या धम्मात मागणं मागायची रीत नाही, मी मागितलंही नव्हतं. तरी जे मिळालं त्याचं ऋण मनात आहे. बोटं अजून दुखतात, पण गिटार पेटीत गेली नाही. आता ओळ म्हणतो आणि थांबतो, समोर कुणी नसलं तरी. परवा असाच थांबलो, तर स्वयंपाकघरातून बायकोने ओळ उचलली.