ईरप्पानं गाडी गप्प केली

ईरप्पानं मोटार घेतली तेव्हा सोलापूरच्या भवानी पेठेतल्या निम्म्या लोकांना वाटलं, या माणसाच्या डोक्यावर परिणाम झाला. उभा जन्म टॉवेलच्या कारखान्यात जॉबर म्हणून गेलेला, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करण्यात. कारखान्यात पायी जायचा, पायीच यायचा. आणि काम सुटल्यावर, गुडघे कुरकुरायला लागल्यावर, हा गडी एक जुनी डिझेल गाडी घेऊन दारात हजर! गाडीही अशी की तिचा कुठला भाग वाजत नाही ते शोधावं लागे.

पण गाडी घ्यायला कारण होतं, आणि ते म्हणजे त्याची बायको दाक्षायणी. घर दोन खोल्यांचं. त्यात मुलगा शिवपुत्र, सून, नातवंडं आणि दिवसभर कोकलणारा टीव्ही. असल्या घरात म्हातारा-म्हातारीनं एकमेकांशी बोलायचं तरी काय? "पाणी आलं" आणि "मीठ संपलं", एवढंच. दाक्षायणीची थोरली बहीण अक्कलकोटला एकटी राहायची. दर सोमवारी हे दोघं तिला भेटायला गाडीनं जायचे. आणि गाडी पेठेबाहेर पडली की दाक्षायणीचं तोंड जे सुटायचं! 'री' म्हणून नवऱ्याला हाक मारायची आणि मनात साठलेलं सगळं सांगत सुटायची, थोडं कन्नडात, थोडं मराठीत, जिभेवर येईल तसं.

ईरप्पा स्टिअरिंग दोन्ही हातांनी आवळून बसलेला असायचा. माणूस साठी ओलांडल्यावर गाडी शिकलेला. नजर हलली की गाडी शेतात, अशी त्याची पक्की समजूत. मागावरच्या तुटायला आलेल्या धाग्याकडं बघावं तसा तो रस्त्याकडं बघायचा आणि मधूनमधून "हूं" म्हणायचा. आता खरं सांगायचं तर तिच्या बोलण्यातलं अक्षरही त्याला धड कळत नव्हतं. घरात सगळं कळायचं, गाडीत काही कळत नव्हतं. मग दोष कुणाचा? गाडीचाच की. एवढा खडखडाट असल्यावर कळणार काय कप्पाळ, असं म्हणून तो हुंकार भरत राहिला. वर्षभर हे असंच चाललं. मग उन्हाळ्याच्या तोंडावर दाक्षायणी गाडीत बोलायची थांबली. ईरप्पाला वाटलं, उन्हानं दमली असेल.

आणि एका सकाळी ती पेटीतली लुगडी काढून पिशवीत भरायला लागली.

"कुटं निगालीस?"

"अक्काकडं. ऱ्हायला."

"किती दिस?"

"बघू की."

"अगं पण का? झालं काय?"

तिनं घडी घालायची थांबवून त्याच्याकडं पाहिलं. "समदं सांगून झालंय तुमाला."

"कवा?"

"गाडीत. आन तुमी 'हूं' म्हणालासा. आता सोमवारी तितं सोडा मला, म्हंजे झालं."

ईरप्पाच्या डोक्यात मागातला धोटा अडकला. कशाला 'हूं' म्हणालो मी? तिच्या बहिणीला काही द्यायचं कबूल केलं? सुनेविरुद्ध काही बोलली आणि मी मान डोलावली? "परत एकदा सांग की," तो म्हणाला. "दगडाला किती डाव सांगायचं?" असं म्हणून ती आत गेली. बायको वर्षभर जीव तोडून बोलत होती आणि आपण काही न ऐकता हुंकार भरत होतो, हे तरी कुठल्या तोंडानं सांगणार? त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चाळीस वर्षांत ती माहेरीसुद्धा कधी आठवड्यावर राहिली नव्हती.

विचार करकरून त्यानं एकच गोष्ट नक्की केली. सोमवारी तिला न्यायची आपल्याच गाडीतून. वाटेत तिला पुन्हा बोलतं करायचं, या खेपेला शब्दन् शब्द ऐकायचा, आणि जमलं तर गाडी तशीच वळवून तिला घरी आणायची. त्यासाठी सोमवारच्या आत गाडी गप्प झाली पाहिजे.

पलीकडच्या गल्लीत यशपाल राहायचा. पोस्टात नोकरीला, आणि मोबाइलवर बघून घरच्या घरी वाटेल ते दुरुस्त करायचा नाद. तो म्हणाला, "काका, पत्रा थरथरतो म्हणून आवाज होतोय. आतनं चिकटवायच्या शीट मिळत्यात. एका अंगाला डांबरासारखं चिकट, दुसऱ्या अंगाला चांदीचा कागद. दारं खोलायची, शीट चिकटवायची, दाबायची. पत्रा मुका होतोय."

"मी लावतो," ईरप्पा म्हणाला. मागाचा सगळा सांगाडा उलगडून परत उभा करणाऱ्या माणसाला गाडीच्या दाराचं काय भ्या!

पण दारानं त्याची जिरवली. माग लोखंडाचा असतो, तो इमानदारीनं नट-बोल्टवर उभा असतो. गाडीचं दार आतून प्लास्टिकच्या क्लिपांवर तगलेलं. पहिलंच कव्हर ओढलं तर क्लिपा तुटून अंगणभर उडाल्या. आतला मेणकागद फाटला. पत्र्यावरचं वर्षानुवर्षांचं तेलकट किटण त्यानं थिनरनं पुसून काढलं. शीट थोड्या गरम करून लावायच्या असतात, म्हणून हुशारी करून त्या गच्चीवर उन्हात टाकल्या. सोलापूरचं ऊन ते! तासाभरानं बघतो तर शीट फरशीला अशा चिकटल्या होत्या, जशा काही गच्चीचाच आवाज बंद करायचा होता. दाबून बसवायला रूळ लागतो, तो नव्हता, म्हणून त्यानं घरातलं लाटणं पळवलं. दुपारी दाक्षायणी भाकरीचं पीठ सोडून चपातीला बसली तेव्हा लाटण्याला डांबराचा वास येत होता. ती काही बोलली नाही. एरवी तिनं पेठ डोक्यावर घेतली असती. ते न बोलणं ईरप्पाला जास्त लागलं.

पहिलं दार झाल्यावर यशपाल बघायला आला. ईरप्पानं उघड्या दारावर टिचकी मारली आणि लगेच तळवा पत्र्याला लावून डोळे मिटले.

"काका, कानानं ऐका की. हात काय लावताय?"

"जॉबर असाच ऐकतो," ईरप्पा म्हणाला. "थरथर न्हाय. मेलाय पत्रा." आणि यशपालनंही टिचकी मारून बघितली, तर खरंच, आधी डब्यासारखा वाजणारा पत्रा आता भिंतीसारखा वाजत होता.

सगळी दारं झाली, गाडीचा तळ झाला, डिकी झाली. चार-दोन क्लिपा उरल्या, त्या ईरप्पानं गुपचूप खिशात टाकल्या. जॉबरच्या हातून सुटा भाग उरणं म्हणजे नामुष्कीच. मग यशपालला मागच्या सीटवर बसवून दोघं होटगी रस्त्यानं फेरी मारून आले. खडखडाट खरोखर गेला होता. पायाखालचा हादरा गेला, पाठीतली थरथर गेली. ईरप्पा खूश झाला. पण दारात उतरल्यावर यशपाल समोर येऊन म्हणाला, "लई भारी काम झालंय काका. पण मी मघापासनं डावीकडं वळा, डावीकडं वळा म्हणतोय, आन तुमी 'हूं हूं' करत सरळ!"

"तू बोललास?"

"तर!"

ईरप्पाचा चेहरा उतरला. म्हणजे आवाज अजून आहेच कुठंतरी. दडून बसलाय. त्यानं छत खोलायला घेतलं. यशपालनं परोपरीनं सांगितलं की काका, आता गाडीत कुजबूजसुद्धा ऐकू येतीय, छताला हात लावू नका. ईरप्पाला वाटलं, पोरगं मन राखायला बोलतंय. त्यानं छतालाही शीट लावल्या. मान मोडून आली, डोक्याला डांबर लागलं, पण आता आवाजाला लपायला जागा नव्हती.

सोमवार उजाडला. पिशवी डिकीत गेली. सून आतून काहीतरी म्हणाली, ईरप्पानं उत्तर दिलं नाही. 'मामंजी भाव खातात' ही तिची जुनी तक्रार होती. गाडी अक्कलकोट रस्त्याला लागली. दाक्षायणी डावीकडं, हात मांडीवर, गप्प. ईरप्पाची नजर रस्त्यावर.

"बोल की काहीतरी," तो म्हणाला. "गाडी बघ कशी गप्प केलीय तुझ्यासाठी."

बाजूला काहीच हललं नाही. त्याचा धीर सुटत चालला. दर मैलाला अक्कलकोट जवळ येत होतं आणि त्याला अजून आपला गुन्हाही कळला नव्हता.

वाटेत रस्त्याखालच्या एका मोरीचं काम चाललं होतं. एकाच बाजूनं गाड्या सोडत होते. लाल झेंडा घेतलेल्या माणसानं त्यांना थांबवलं. ईरप्पा त्या झेंड्याकडं टक लावून बसला. मग डोळ्याच्या कडेला दाक्षायणीचा हात हलला, बांगड्या हलल्या. ती बोलत होती! इतक्या दिवसांनी बोलत होती, आणि त्याला काही कळत नव्हतं.

"थांब थांब," तो घाईनं म्हणाला, "इंजिन तेवढं बंद करतो. मग सांग."

त्याचा हात किल्लीकडं गेला. किल्ली आधीच वळवलेली होती.

तो किल्लीकडं बघत राहिला. मग दाक्षायणीकडं वळला. "हे कवा बंद झालं?"

"मघाच. मीच केलं," ती म्हणाली, आणि आता त्याला शब्दन् शब्द कळला. "तेल कशाला जाळायचं?"

त्यानं तोंड फिरवून परत रस्त्याकडं पाहिलं. "आता बोल."

सगळीकडं शांत. त्यानं मान वळवली. तिचे ओठ नुकतेच मिटत होते.

"बोललीस तू?"

"व्हय."

"मोठ्यानं?"

"हाय तशी."

दाक्षायणीनं विचारलं, "री, हे कवापासनं?"

"मला काय म्हाईत?" तो म्हणाला. "कारखान्यात कुणाला ऐकू येतंय? इतके माग धडाडताना तितं समदे एकमेकांच्या तोंडाकडं बघूनच बोलत्यात की. मी घरात बी तसंच बघतो. मला वाटलं, ऐकतोय."

कान कधी गेले आणि त्यांचं काम डोळ्यांनी कधी उचललं, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. भवानी पेठेत सगळेच ओरडून बोलतात, तिथं बहिरा कोण आणि धडधाकट कोण, कसं कळावं? फक्त गाडीत डोळे रस्त्याला द्यावे लागले, आणि तिथं तो उघडा पडला.

"मग वरीसभर 'हूं हूं' कशाला म्हणत हुतासा?" दाक्षायणीचे डोळे भरले होते, आणि रागही आला होता.

"तू बोलतीस एवढं कळायचं की. बांगड्या हलायच्या कडंला. बरं वाटायचं. वाटायचं, तू थांबू नये."

ती पदरानं डोळे पुसत राहिली. मग पदर तोंडावरून नीट बाजूला केला, त्याची हनुवटी धरून त्याचं तोंड आपल्याकडं वळवलं आणि सावकाश म्हणाली, "मी इचारलं हुतं, मी कायमची अक्काकडं गेले तर तुमाला चालंल का?"

"न्हाय!"

बहिऱ्या माणसाला आपला आवाज किती मोठा हे कुठं कळतं? मुक्या केलेल्या गाडीतूनही तो बाहेर गेला आणि झेंडेवाला दचकून वळला. "न्हाय चालत! अजाबात न्हाय चालत!"

झेंडेवाल्यानं हिरवा झेंडा दाखवला होता. मागच्या गाड्या हॉर्न वाजवून वाजवून हैराण झाल्या होत्या. दाक्षायणीला ते सगळं ऐकू येत होतं. तिनं त्याला सांगितलं नाही.

"आता पयल्यापासनं सांग," ईरप्पा तिच्या तोंडाकडं बघत म्हणाला. आणि ती सांगायला लागली.