बिबड्यांच्या खाटेवरचा कॉम्प्युटर

"अहो, काय शे हाई? बिबड्यांच्या खाटेवर हे डबडं कोणी आणून ठेवलं?"

अक्का जिन्याच्या शेवटच्या पायरीवरून अशी ओरडली, की पांझरेच्या पात्रातले बगळे उडून थेट पाचोऱ्याला जाऊन बसले असतील. धुळ्याच्या त्या गच्चीवर, खाटेवर पसरलेल्या ओल्या कपड्यावर ज्वारीच्या बिबड्या वाळत होत्या. बिबड्या म्हणजे आमच्या खानदेशातले पापड, आणि अक्काच्या बिबड्या म्हणजे तर इतक्या पातळ, की त्यांच्याआडून पेपर वाचावा. त्यांच्या शेजारी, ऐसपैस आडवा होऊन, नानांचा कॉम्प्युटर ऊन खात पडला होता. नाना, म्हणजे माझ्या या थोरल्या बहिणीचे यजमान, टोपी डोळ्यांवर ओढून बाजूला बसलेले. "सर्दी झाली आहे त्याला," ते म्हणाले. "सकाळपासून उठत नाही. अंगात ऊन मुरलं की उठेल." "आणि बिबड्या?" "त्यांच्याकडेही बघतोय." "बघू नका, पलटा!" मी हसत जिना उतरलो. जळगावची बस गाठायची होती. नाना मला शेवटचे दिसले ते असे, एका आजारी यंत्राच्या उशाशी बसलेले...

काही आठवड्यांनी दुपारी अक्काचा फोन आला. "दिगू, नाना उठत नाहीत रे." मला आधी खरंच वाटलं नाही. कारण या माणसाने एका लांबच्या लग्नाला जायचं टाळण्यासाठी स्वतःच्या तापाची अशी बातमी पसरवली होती, की वऱ्हाडातले निम्मे लोक पंगत सोडून पांढरे कपडे शोधायला लागले होते. मी हसलोही असेन. पण पलीकडे अक्का नुसती श्वास घेत होती.

नाना शाळेत भूगोल शिकवायचे, पण त्यांच्या भूगोलात तापी कधी एका जागी वाहिली नाही. गोष्टीला जिकडे गरज असेल तिकडे ती वळायची. असोद्याला म्हणे केळीचा एक घड इतका भारी होता, की गाडीत टाकताच गाडी मागे कलंडली आणि बैल जुवासकट हवेत लटकले. तिथून त्यांना भुसावळच्या आगगाड्या दिसल्या. "बैलांना दिसल्या, हे तुम्हाला कोणी सांगितलं?" असं एकदा मी विचारलं. नाना गंभीरपणे म्हणाले, "एकाने सांगितलं. दुसरा घाबरला होता." अशा माणसाशी वाद काय घालणार?

निवृत्त झाल्यावर त्यांनी कुणाच्या तरी बंद पडलेल्या ऑफिसातून तो कॉम्प्युटर घरी आणला. तेव्हाच तो म्हातारा होता. सुरू झाला की पंख्याचा असा घरघराट व्हायचा, की गल्लीतल्या बायका गिरणी सुरू झाली समजून दळणाचे डबे घेऊन दारात यायच्या. (एकच बाई आली होती, तीही साखर मागायला. पण नानांची गोष्ट मी त्यांच्या मापानेच सांगणार.) त्याचं एका बाजूचं झाकण सुतळीने बांधलेलं असायचं. दुपारी जेवण झालं की नाना त्याच्यासमोर बसत, छोटासा माइक तोंडाशी धरत आणि आपल्या गोष्टी त्यात भरून ठेवत. फोनवर मात्र ते "हां" याच्यापुढे कधी गेले नाहीत. फोनमध्ये गोष्ट आंबते, असं त्यांचं मत.

म्हणून दिवस-कार्य आटोपल्यावर, पाहुणे आपापल्या गावी गेल्यावर, अक्काने मला एकच गोष्ट मागितली. "दिगू, तेवढं डबडं सुरू कर. त्यांचा आवाज त्याच्यातच आहे, दुसरीकडे कुठंच नाही."

मी बटण दाबलं. पंख्याने अर्धी गिरकी घेतली आणि तो थांबला. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. वायर हलवल्या, धूळ काढली. आतून एवढा कापूस निघाला, की एखाद्या जिनिंगवाल्याने भाव विचारला असता. मग सकाळी सकाळी एका दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्याने सुतळी सोडली, आत टॉर्च मारला आणि म्हणाला, "मावशी, हा गेला. दुकानात नेतो, आतली डिस्क काढून काही मिळतं का पाहतो."

"कोण गेलं ते मला नको सांगू," अक्का म्हणाली. "आणि घरातून हे कुठंच जायचं नाही. मागे मिक्सर दुरुस्तीला दिला होता, तर परत आला तो दुसराच." दुरुस्तीवाला चहा न पिता गेला.

मी तशीच सुतळी पुन्हा बांधायला बसलो. झाकणाच्या खाचेत काहीतरी अडकलं होतं. नखाने काढलं. बिबडीचा पापुद्रा होता, वाळून काचेसारखा झालेला. तो उजेडाकडे धरला आणि मला ती गच्ची आठवली... आयुष्यभर थापा मारणाऱ्या माणसाची हीच पंचाईत. त्याचं खरं बोलणं पोरकं होतं, कोणी दारात उभं करत नाही. लटकलेले बैल आम्ही हसत हसत घरात घेतले, आणि ऊन दिलं की हा उठतो, एवढं साधं वाक्य मात्र थाप म्हणून गच्चीवरच सोडून आलो.

दुपारी मी तो कॉम्प्युटर उचलून वर नेला. खाट रिकामी होती. यंदा उरलेल्या बिबड्या कोणी घातल्याच नव्हत्या. मी त्याला आडवा ठेवला. मागून अक्का आली, त्याच्या लोंबणाऱ्या तारा नीट गुंडाळून कावळे हाकायची नेहमीची काठी घेऊन बसली. धुळ्याचं ऊन ते. अर्ध्या तासात असा तापला, की वर भाकरी टाकली असती तर फुगली असती. मग गार व्हायच्या आत, पदराच्या बोळ्याने धरून, आम्ही दोघं म्हातारी भावंडं तो जिन्यावरून पळवत खाली घेऊन आलो. बटण दाबलं.

पंखा फिरला. थांबेल म्हणून मी डोळे मिटले. थांबला नाही. घरघराट सुरू झाला, तोच, गिरणीचा.

अक्का खाली बसली. मी पहिली सापडली ती गोष्ट लावली. आधी खाकरणं, मग खुर्चीची करकर, आणि मग नाना, अगदी कानाशी : "तर मंडळी, असोद्याला एक केळीचा घड होता..." बैल वर चढायला लागले तेवढ्यात मागून, लांबून, स्वयंपाकघराच्या बाजूने एक बाई खच्चून ओरडली, "अहो, बिबड्या पलटल्या का?" नानांनी श्वासही घेतला नाही. "पलटल्या, पलटल्या!" म्हणाले आणि बैलांना आणखी वर चढवलं.

मला हसू आवरेना, डोळ्यांतून पाणी यायला लागलं. अक्का हसली नाही. ती त्या डबड्याकडे बघत होती, जसं माणसाकडे बघावं.

"एकबी पलटेल नव्हती," ती म्हणाली.