खालच्या बाजूचं अपेंडिक्स

वाशीच्या नव्या फ्लॅटमध्ये राहायला आलो आणि दुसऱ्याच वर्षी मला लिंगाचा कॅन्सर झाला. हा शब्द आज लिहितोय. तेव्हा बायकोपाशीही मी 'तिथली जखम' म्हणायचो. पुढच्या कातडीवरचा फोड मी चार महिने पावडर लावून लपवला. शेवटी बायकोच मला मुंबईच्या मोठ्या इस्पितळात घेऊन गेली.

फोडाचा तुकडा तपासून झाल्यावर पहिले डॉक्टर म्हणाले, "पुढचा भाग काढावा लागेल." दुसऱ्या सर्जननी मात्र बराच वेळ बघितलं.

"गाठ कातडीतच आहे. कातडी आणि लगतचा थोडा काठ काढू. बाकीचं तुमचं तुमच्याकडे राहील. पण दर महिन्याला दाखवायला यायचं."

"उभ्यानं लघवी होईल?"

"होईल."

अजून एक विचारायचं होतं, पण मी फाइलची नाडी बांधायला लागलो. बायको खिडकीबाहेर बघत होती.

"तेही होईल," डॉक्टर म्हणाले.

बिल्डिंगमध्ये बायकोने अपेंडिक्सचं ऑपरेशन झाल्याचं सांगितलं. घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावरचे काका भेटायला आले. ते इथल्याच गावचे, आमची बिल्डिंग त्यांच्या भातशेतीवर उभी होती. बसल्या बसल्या त्यांनी बनियन वर केली.

"माजा पन काडलाय. तुमचा दाखवा, टाके किती हायेत?"

"पट्टी आहे," मी म्हणालो.

ते रोज यायला लागले. एकदा त्यांनी मला पाय फाकवून संडासात जाताना पाहिलं.

"अपेंडिक्स पोटात ना? मंग चाल अशी का?"

स्वयंपाकघरातून बायको म्हणाली, "यांचं जरा खाली होतं."

काकांनी बराच विचार केला. "आसंल. पर्तेकाचा येगला," म्हणाले आणि चहा प्यायले. आठवड्याभरात अख्ख्या सोसायटीला माझ्या अपेंडिक्सची जागा कळली. सेक्रेटरींनी स्वतःचंही तपासून घेतलं, असं ऐकलं.

महिन्याच्या तपासणीला सर्जन विद्यार्थ्यांना घेऊन यायचे. आठजण वाकून बघायचे, वहीत लिहायचे. एक मुलगी म्हणाली, "फार सुंदर रिझल्ट आहे, सर." ऑफिसात बावीस वर्षांत माझ्या कुठल्याच कामाला कुणी सुंदर म्हणालं नव्हतं.

पाच वर्षांनी सर्जन म्हणाले, "आता यायची गरज नाही." पुढच्या महिन्यात मी सवयीने गेलो. नर्सने कार्ड बघून मला परत पाठवलं. फाटकाशी थोडा वेळ उभा राहिलो, मग केळी घेऊन घरी आलो.