तिसऱ्या रांगेतली सातवी जागा

१८ नोव्हेंबर १९७४ रोजी सोमवार होता. कोणत्याही जुन्या दिनदर्शिकेत हे पडताळून पाहता येते, आणि या हकिकतीची सारी अडचणही तीच होती. सैनिकी प्रशिक्षण केंद्रातली दीक्षांत संचलने पहिल्यापासून शनिवारी होत आली आहेत. काटेवाले आजोबा मात्र पन्नास वर्षे एकच सांगत होते: आपले संचलन सोमवारी झाले.

सैन्यातून निवृत्त झाल्यापासून आजोबा वजनकाटे दुरुस्त करतात. दुकानात जेमतेम दोन माणसे उभी राहतील एवढी जागा. एका फळीवर पितळी वजने लहानमोठ्या क्रमाने मांडलेली, टेबलावर चिमटे आणि मऊ फडकी, आणि समोरच्या भिंतीवर त्यांच्या तुकडीचा समूहफोटो. त्या फोटोत चाळीस जवान आहेत, आजोबा नाहीत. फोटो त्यांना लग्नात आहेर म्हणून मिळाला. देणारे त्यांचे मेहुणे, म्हणजे आजींचे थोरले भाऊ, त्याच तुकडीतले. ते पहिल्या रांगेत छाती काढून उभे आहेत.

केंद्राच्या जुन्या जवानांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करण्याच्या निमित्ताने माझे त्या दुकानात जाणे झाले. संचलनाआधी तीन दिवस आजोबांना गालगुंड झाले आणि त्यांना रुग्णालयाच्या वेगळ्या खोलीत हलवले गेले. शनिवारी त्यांचे वडील दूरवरून आले, प्रेक्षकांत बसले, मुलगा दिसेना म्हणून शेजाऱ्याला विचारत राहिले. रुग्णालयाच्या खिडकीबाहेरून मुलाशी दोन शब्द बोलून ते परतले. रविवारी सगळी तुकडी रवाना झाली.

"पुढच्या शनिवारी रुग्णालयातून सुटलो," आजोबांनी सांगितले. "सोमवारी सकाळी कवायत शिकवणारे आमचे उस्ताद म्हणाले, बूट चमकव, मैदानावर ये. मला वाटलं, शिक्षा. गेलो तर फक्कीच्या ताज्या रेघा मारलेल्या. म्हणाले, तुझं संचलन राहिलंय. मी मधोमध उभा राहिलो, तर ओरडले, 'तिथं कुठं? तुझी जागा तिसऱ्या रांगेत, सातवी! बाकीचे सगळे आपापल्या जागी आहेत असं समजून चाल. कुणाला धक्का लागला तर बघ!' मग चाललो. मोकळ्या मैदानात, कुणाला धक्का न लावता."

हकीकत सुरेख होती, आणि म्हणूनच मला तिची शंका आली. पन्नास वर्षांत आठवणींना पॉलिश चढते. मी मुलाखतीवर तारीख घातली आणि कोपऱ्यात पेन्सिलीने लिहिले : पुरावा नाही.

दोन आठवड्यांनी त्या पुराव्याची खरोखरच गरज पडली. आजोबांची नात त्याच केंद्रात प्रशिक्षण पूर्ण करत होती. तिथली प्रथा अशी की, जवानाच्या टोपीवरचा बिल्ला त्याच्या घरच्या माणसाने लावायचा, पण त्या माणसाने स्वतः त्याच मैदानावर दीक्षांत संचलन केलेले असले पाहिजे. नातीने अर्जात आजोबांचे नाव दिले. कार्यालयाचे उत्तर आले : सदर व्यक्तीचे नाव संचलनाच्या यादीत आढळत नाही.

ते पत्र दुकानातच वाचले गेले.

"म्हणजे बिल्ला मीच लावायचा," मेहुणे म्हणाले. "माझं नाव यादीत, माझं थोबाड फोटोत. तुमच्याकडे काय आहे, दाजी? गालगुंड!"

"दादा, पुरे आता," आजी कडाडल्या. "पन्नास वर्षं एकच विनोद पुरवून पुरवून वापरतोस. आंबला तो."

"आंबला तरी मला पचतो."

"तुला पचतो गं बाई, पण यांना लागतो ना!" भावाला 'गं बाई' म्हणण्याइतक्या आजी चिडल्या होत्या. आजोबा हातातले पारडे पुसत राहिले. मग म्हणाले, "पोरगी फोन करेल संध्याकाळी. तिला काय सांगू?"

संचलनाला अकरा दिवस उरले होते. मी प्रथम रुग्णालयाची नोंदवही पाहिली. दाखल : ६ नोव्हेंबर. सुटका : १६ नोव्हेंबर. त्यावरून आजोबा ९ तारखेच्या संचलनात नव्हते हे सिद्ध झाले. ते १८ तारखेला चालले हे मात्र नाही. मेहुणे खूश झाले. "बघा, कागद माझ्याच बाजूने बोलतोय!" कार्यालयाचे रोजचे आदेश तपासले, त्यात काही नव्हते. वाद्यवृंदाच्या वहीत सोमवारी सुट्टी होती. शोध थांबवावा असे मनात आले. पण आजोबांच्या सांगण्यात एक वस्तू होती जिचा विचार मी केला नव्हता. फक्की. ती कुणीतरी भांडारातून काढलेली असणार.

मैदान-भांडाराच्या वह्या दप्तरखान्यात नव्हत्याच. झेंड्यांच्या काठ्या आणि खराटे ठेवतात त्या खोलीत, गोणपाटाखाली सापडल्या. १९७४ ची वही कडेने कुरतडलेली होती. सुदैवाने उंदरांना नोव्हेंबर आवडला नसावा. नोंद अशी आहे :

"१८/११, सोमवार. फक्की अर्धी बादली. निशाण एक. एका जवानाचे दीक्षांत संचलन. खूण तिसऱ्या रांगेत सातव्या जागी. संचलन पूर्ण. हजर : उस्ताद, व बाहेरचे गृहस्थ एक."

रांग तीच, जागा तीच. आणि आजोबांची मुलाखत ही वही उघडण्यापूर्वी तीन आठवडे ध्वनिमुद्रित झालेली. पेन्सिलीने लिहिलेले दोन शब्द मी खोडरबराने पुसले.

हेडक्लार्कनी नोंद दोनदा वाचली, चष्मा काढून तिसऱ्यांदा वाचली. "ही वही कार्यालयाची नाही, भांडाराची आहे," ते म्हणाले. मग स्वतःच पुढे म्हणाले, "पण भांडारवाला चिमूटभर फक्कीसुद्धा उगीच सोडत नाही. अर्धी बादली दिली म्हणजे कुणीतरी चाललंच असणार." आणि त्यांनी शिक्का उमटवला.

संचलनाच्या शनिवारी प्रेक्षकांत आजी, नातीचे आईवडील आणि मेहुणे एका बाकावर बसले होते. नात दुसऱ्या रांगेत होती. समोरून जाताना तिने नजर इकडची तिकडे केली नाही, आणि त्याबद्दल आजोबांनी समाधानाने मान हलवली. मग आजोबांचे नाव पुकारले गेले. ते उठले, कोट खाली ओढला.

तेवढ्यात मेहुणेही उठून उभे राहिले, टाचा जुळवल्या आणि सगळ्या बाकांना ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले, "गालफुग्या! डावा पाय आधी!"

"मला शिकवतोस?" आजोबा मागे न पाहता म्हणाले, आणि डावाच पाय आधी टाकला.

ते सरळ नातीकडे गेले नाहीत. आधी उजवीकडे वळले, काही पावले मोजली, आणि मग आत शिरून जवानांमधून चालत गेले, दोन्ही बाजूंना नेमके अंतर राखून. कुणालाही धक्का लागला नाही. बिल्ला त्यांनी पहिल्याच खेपेला सरळ लावला. वर्षानुवर्षे गुंजभर फरक पकडणारी बोटे होती ती. नातीने सलाम ठोकला. बाकावर आजी भावाला म्हणाल्या, "आता घेऊन जा तुझा फोटो परत." मेहुणे डोळे पुसत म्हणाले, "परत कशाला? वहीतल्या त्या पानाचा फोटो काढून शेजारी लावू. चौकट मी देतो."

दोन्ही चौकटी आता दुकानात शेजारीशेजारी आहेत.

एक गोष्ट शिल्लक राहते. त्या सोमवारी हजर असलेले "बाहेरचे गृहस्थ" कोण? आजोबांनी मैदानावर उस्तादांखेरीज कुणालाही पाहिले नाही. नजर समोर ठेवण्याची आज्ञा होती. वडील शनिवारीच परतले असे त्यांनी धरून चालले होते, आणि वडिलांनी पुढे कधी वेगळे काही सांगितले नाही. आजींची खात्री आहे की ते थांबले होते. माझ्याकडे तसा पुरावा नाही. उस्ताद हयात नाहीत, वहीत नाव लिहिलेले नाही, आणि वडील त्या आठवड्यात घरी कोणत्या दिवशी पोचले हे सांगू शकेल असे कुणी उरलेले नाही. ते गृहस्थ कोण होते, हे अद्याप अज्ञात आहे.